कंदील घेऊन निघालेल्या नॅनो नेगल

अठराव्या शतकात आयर्लंडमध्ये कॅथलिकांवर कडक निर्बंध होते. कॅथलिक माणसाने शाळा चालवणे हा गुन्हा होता. मुलांना शिक्षणासाठी परदेशी पाठवणे हाही गुन्हाच. अशा काळात, १७१८ साली, कॉर्क परगण्यातील बॅलिग्रिफिन येथे एका सधन कॅथलिक घराण्यात ऑनोरा नेगल यांचा जन्म झाला. घरचे त्यांना लाडाने नॅनो म्हणत.

ऐपत असलेले कॅथलिक आपली मुले चोरून फ्रान्सला पाठवीत. नॅनोही तशाच शिकल्या आणि पॅरिसच्या चैनीत रमल्या. एकदा रात्रभराच्या मेजवानीहून पहाटे परतताना चर्चच्या बंद दारापाशी मिस्सेसाठी थांबलेले गरीब लोक त्यांना दिसले आणि मनाला चटका बसला, असे सांगतात.

१७४६ साली वडील वारले. मायदेशी आल्यावर भोवतालचे दारिद्र्य व अज्ञान पाहून त्या कासावीस झाल्या. परंतु आपल्या एकटीच्या हातून काय होणार, असे वाटून त्या धर्मभगिनी होण्यासाठी पुन्हा फ्रान्सला गेल्या. तेथेही कॉर्कची मुले डोळ्यांसमोरून हलेनात. अखेर आपल्या आध्यात्मिक गुरूंच्या सल्ल्याने त्या परतल्या.

सुमारे १७५४ साली त्यांनी कॉर्कमध्ये गुपचूप शाळा उघडली. घरच्यांनाही पत्ता नव्हता. आपल्या मुलाला त्या शाळेत घ्यावे म्हणून एक गरीब माणूस त्यांच्या भावाकडे रदबदली करायला आला, तेव्हा बिंग फुटले! सगळे घराणे अडचणीत येईल म्हणून भाऊ संतापला, पण पुढे त्याचा राग निवळला. तीस मुलींच्या शाळेत नऊ महिन्यांत दोनशे मुले झाली. १७६९ पर्यंत सात शाळा उभ्या राहिल्या. काकांकडून मिळालेली संपत्ती त्यांनी याच कामात ओतली. दिवसा शाळा आणि रात्री हातात कंदील घेऊन गल्लीबोळांतील आजाऱ्यांच्या भेटी, असा त्यांचा क्रम होता.

काम टिकावे म्हणून १७७१ साली त्यांनी स्वखर्चाने उर्सुलाइन धर्मभगिनींना कॉर्कमध्ये आणले. पण नियमानुसार त्या भगिनींना मठाबाहेर पडता येत नव्हते. गरिबांच्या घरी जाणार कोण? म्हणून २४ डिसेंबर १७७५ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, तीन सोबतिणींसह नॅनोंनी नवा संघ स्थापन केला. हाच पुढे प्रेझेंटेशन सिस्टर्स म्हणून ओळखला जाऊ लागला. १७७७ च्या नाताळात त्यांनी पन्नास भिकाऱ्यांना जेवू घातले व स्वतः वाढले. २६ एप्रिल १७८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या भगिनी १८४२ साली मद्रासला आल्या. २०१३ साली पोप फ्रान्सिस यांनी नॅनोंना आदरणीय घोषित केले.

नॅनोंनी कायदा मोडला, हे खरे. परंतु अन्यायी कायदा सदसद्विवेकबुद्धीला बांधू शकत नाही, अशी संत थॉमस अक्वायनस यांची शिकवण आहे. आम्हांला मात्र त्यांच्या जीवनातील दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. त्यांच्याकडे पैसा होता. तो देऊन त्यांना घरी स्वस्थ बसता आले असते. तरीही त्या स्वतः चालत गेल्या. आपणही दानपेटीत पैसे टाकतो, ते चांगलेच आहे. पण आपल्या धर्मग्रामातील आजारी, एकाकी माणसाच्या दारी आपण शेवटचे कधी गेलो? या आठवड्यात एका तरी घरी जाऊ या. प्रभू येशू तेथे आपली वाट पाहत आहे.