फ्लोट चेंबरचा धनी : विल्हेल्म मायबाख

व्हिंटेज गाडीचा कार्बोरेटर गळायला लागला की मेकॅनिक आधी फ्लोट चेंबर उघडतो. आतला पितळी फ्लोट काढून कानाशी हलवतो. आत पेट्रोल डुचमळलं की समजायचं, फ्लोटला भोक पडलंय. आता तो तरंगणार नाही. फ्लोट ठीक असेल तर नीडल आणि तिची सीट बघायची. कचऱ्याचा एक कण अडकला तरी नीडल बसत नाही, चेंबर भरतच राहतं आणि पेट्रोल जेटमधून बाहेर वाहतं. खाली तापलेला एक्झॉस्ट असेल तर मामला थेट आगीपर्यंत जातो!

आपण मेकॅनिकलवाले हे व्हायव्हासाठी पाठ करतो. पण ही व्यवस्था गाडीत आणणाऱ्या माणसाचं नाव आपल्याला फार तर एका महागड्या गाडीमुळे माहीत असतं.

विल्हेल्म मायबाख यांचा जन्म 1846 सालचा, जर्मनीतल्या हाइलब्रॉनचा. वडील सुतार. विल्हेल्म दहा वर्षांचा होईतो आई-वडील दोघेही गेले. रॉयटलिंगेनच्या एका ख्रिस्ती संस्थेने त्याला सांभाळलं. संस्थेचा स्वतःचा मशिनचा कारखाना होता, तिथे तो ड्रॉइंग शिकला. 1863 मध्ये गॉटलीब डाइमलर तिथे वर्कशॉपचे प्रमुख म्हणून आले. या पोराचा हात त्यांनी ओळखला आणि पुढे जिथे गेले तिथे त्याला बरोबर नेलं. आधी कार्ल्सरूह, मग 1872 मध्ये डॉइट्झचा इंजिन कारखाना.

1882 मध्ये दोघांनी नोकरी सोडून कानश्टाटला डाइमलरच्या बागेतल्या काचघरात काम सुरू केलं. आत रात्रंदिवस ठोकाठोक. माळ्याला वाटलं, इथे खोटी नाणी पाडतात. पोलिसांनी जाऊन पाहिलं तर नुसती इंजिनं! 1885 मध्ये याच जोडीने एक छोटं इंजिन लाकडी दुचाकीवर बसवलं.

तोपर्यंतच्या कार्बोरेटरमध्ये हवा पेट्रोलच्या पृष्ठभागावरून ओढली जायची. हलका भाग आधी उडून जायचा, जड भाग तळाशी उरायचा. म्हणजे टाकी अर्धी झाली की मिश्रणच बदललं. त्यात गाडी खड्ड्यातून गेली तर विचारूच नका.

पुढे कंपनी झाली, 1890 मध्ये. पैसेवाल्या भागीदारांशी मायबाख यांचं पटलं नाही आणि 1891 मध्ये ते बाहेर पडले. त्यांच्या आयुष्यातलं मला सगळ्यात आवडणारं काम यानंतरचं आहे. डाइमलरच्या पैशावर, एका जुन्या हॉटेलच्या हॉलमध्ये ते गुपचूप काम करत राहिले. तिथे 1893 मध्ये त्यांनी जेटचा कार्बोरेटर बनवला. इंजिनच्या ओढीने पेट्रोल बारीक छिद्रातून फवाऱ्यासारखं उडतं, आणि फ्लोट त्याची पातळी छिद्राच्या तोंडाखाली, अगदी थोडी खाली, धरून ठेवतो. सगळी गोम याच पातळीत आहे. जास्त उतरली तर इंजिन उपाशी, वर चढली तर गळती. म्हणूनच फ्लोटला डाग देताना कथील जपून वापरायचं. तो जड झाला तर पातळी पुन्हा चढते. (हंगेरीत बांकी आणि चोंका यांनीही 1893 मध्येच असाच कार्बोरेटर पेटंट केला. श्रेय एकट्याचं नाही.)

1895 मध्ये कंपनीने दोघांनाही परत बोलावलं. 1900 मध्ये डाइमलर वारले. त्याच वर्षाच्या शेवटी मायबाख यांची 35 हॉर्सपॉवरची मर्सिडीज तयार झाली आणि मार्च 1901 मध्ये नीसच्या शर्यती तिने गाजवल्या. तरी कंपनीने त्यांना हळूहळू बाजूला सारलं. 1907 मध्ये, साठी उलटल्यावर, ते कायमचे बाहेर पडले. मग 1909 मध्ये मुलगा कार्ल याच्यासाठी झेपेलिनच्या हवाई जहाजांच्या इंजिनांचा कारखाना उभा करायला त्यांनी मदत केली. मायबाख नावाची गाडी निघाली ती याच कारखान्यातून.

डिसेंबर 1929 मध्ये ते वारले. कानश्टाटच्या ज्या कबरस्तानात डाइमलर आहेत, तिथेच त्यांनाही पुरलं.