चंद्रवेडा भूगर्भशास्त्रज्ञ

चंद्राची ओढ कोणाला नसते? आजीच्या मांडीवर बसून चांदोबाची गाणी ऐकणारे मूल असो की दुर्बिणीला डोळा लावून बसलेला ज्योतिषशास्त्रज्ञ असो, दोघेही त्याच्याकडे सारख्याच कौतुकाने पाहतात. परंतु चंद्राचे रहस्य उलगडण्यासाठी आपल्या पायांखालचे खडक वर्षानुवर्षे तपासणारा एक विलक्षण संशोधक अमेरिकेत होऊन गेला. त्याचे नाव यूजीन शूमेकर.

शूमेकर यांचा जन्म २८ एप्रिल १९२८ रोजी लॉस एंजेलिस येथे झाला. लहानपणापासूनच त्यांना निरनिराळे दगड गोळा करण्याचा नाद होता. बुद्धी इतकी तल्लख, की सोळाव्या वर्षी त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण सुरू झाले आणि एकोणिसाव्या वर्षी ते पदवीधर झाले. १९४८ साली ते सरकारच्या भूगर्भ-सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. युरेनियमच्या शोधार्थ कोलोरॅडो व युटा या प्रांतांतील डोंगर ते पालथे घालू लागले. मनुष्य लवकरच चंद्रावर जाईल आणि तेथील खडक पारखण्यासाठी भूगर्भशास्त्रज्ञ लागेल, असे त्यांच्या मनाने याच काळात घेतले. तो मान आपल्याला मिळावा, हाच त्यांचा ध्यास झाला.

चंद्राचा पृष्ठभाग लहानमोठ्या विवरांनी भरलेला आहे. ही विवरे ज्वालामुखींची असावीत, असे त्या काळी पुष्कळ विद्वान मानीत. अ‍ॅरिझोनाच्या ओसाड माळावरही एक प्रचंड विवर आहे. त्याचा व्यास सुमारे १,२०० मीटर व खोली सुमारे १७० मीटर आहे. आकाशातून पडणाऱ्या पाषाणास अशनी म्हणतात. हे विवर अशनीच्या आघाताने झाले की भूगर्भातील वाफेच्या स्फोटाने, याविषयी वाद होता. शूमेकर हातोडी व वही घेऊन तेथे गेले. कडेचा एकेक थर तपासून त्यांनी त्याचा नकाशा तयार केला. तेव्हा त्यांना आढळले, की पुस्तकाचे पान उलटावे तसे कडेवरचे थर उलटे झाले आहेत. जो थर खाली असावयाचा तो वर आणि वरचा खाली! नेवाडाच्या वाळवंटात अणुस्फोटांनी पडलेल्या खड्ड्यांच्या कडाही त्यांनी अशाच उलटलेल्या पाहिल्या होत्या.

१९६० साली त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना या विवरात कोएसाइट नावाचे खनिज सापडले. साधी वाळू प्रचंड दाबाखाली सापडली, तरच तिचे असे रूपांतर होते. एवढा दाब भूपृष्ठावर ज्वालामुखी निर्माण करू शकत नाही. अशनीच्या आघाताची खूण हाती आली! त्याच वर्षी जर्मनीतील रीस नावाच्या विस्तीर्ण खोलगट प्रदेशातील दगडांतही तीच खूण मिळाली. तेथील नर्डलिंगेन गावच्या लोकांनी शतकांपूर्वी याच दगडांनी आपले चर्च बांधले होते. परंतु त्या दगडांचा इतिहास कोणास ठाऊक नव्हता. पृथ्वीवर जे घडले, तेच चंद्रावर असंख्य वेळा घडले असले पाहिजे, हे शूमेकर यांनी ओळखले.

१९६१ साली त्यांच्या पुढाकाराने ग्रहांच्या भूगर्भशास्त्राचा एक स्वतंत्र विभाग सुरू झाला. आता चंद्र जवळ आला असे वाटत असतानाच, १९६३ साली, त्यांना अ‍ॅडिसनचा विकार जडल्याचे निष्पन्न झाले. चंद्रयात्रेचा मार्ग त्यांना कायमचा बंद झाला. आयुष्यभर जपलेले स्वप्न एका क्षणात भंगले. दुसरा एखादा निराशेने खचून गेला असता; परंतु आपण जाऊ शकत नाही, तर जे जाणार त्यांना डोळस करावे, असे शूमेकर यांनी ठरविले.

त्यांनी अंतराळवीरांना अ‍ॅरिझोनाच्या विवरात उतरविले. कोणता दगड उचलावा, उचलण्यापूर्वी त्याची जागा कशी टिपून ठेवावी, कोणता थर आधीचा व कोणता नंतरचा हे कसे ओळखावे, याचे धडे वीरांना प्रत्यक्ष खडकांवर मिळू लागले. १९६७ साली फ्लॅगस्टाफ गावाजवळ ज्वालामुखीच्या राखेच्या मैदानात स्फोटके पुरून चंद्रासारखी विवरे मुद्दाम तयार करण्यात आली. पुढे १९६९ ते १९७२ या काळात चंद्रावर उतरलेल्या बारा वीरांनी ३८२ किलो खडक व माती पृथ्वीवर आणली. त्यांच्यापैकी हॅरिसन श्मिट हे स्वतः भूगर्भशास्त्रज्ञ होते व त्यांनी पूर्वी शूमेकर यांच्या विभागात काम केले होते.

आघाताच्या अशाच खुणांवरून आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवरही अशनीपातानेच झाले, हे १९७३ साली इतर संशोधकांनी दाखवून दिले. चंद्रावरील मैदानांप्रमाणे लोणारचा खडकही बेसाल्ट असल्याने जगभरचे अभ्यासक तेथे येतात.

उतारवयात शूमेकर यांनी पत्नी कॅरोलिन यांच्यासह धूमकेतूंचा शोध चालविला. १९९३ साली या दांपत्यास व डेव्हिड लेव्ही यांना सापडलेल्या धूमकेतूचे तुकडे जुलै १९९४ मध्ये गुरू ग्रहावर आदळले. ज्या आघातांच्या खुणा त्यांनी जन्मभर दगडांत शोधल्या, तसा आघात साऱ्या जगाने दुर्बिणींतून पाहिला.

१८ जुलै १९९७ रोजी, ऑस्ट्रेलियात विवरांचा अभ्यास करीत असताना, मोटारीच्या अपघातात त्यांचा अंत झाला. त्यांच्या रक्षेचा अंश घेऊन एक यान १९९८ साली चंद्राकडे निघाले आणि ३१ जुलै १९९९ रोजी चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ विसावले. ज्या भूमीवर त्यांना पाऊल ठेवता आले नाही, त्याच भूमीच्या मातीत ते अखेर मिळून गेले.