नील्स बोर

युरोपच्या उत्तरेस डेन्मार्क नावाचा एक लहानसा देश आहे. समुद्राच्या काठी वसलेले कोपनहेगन हे त्याच्या राजधानीचे शहर. या शहरात ७ ऑक्टोबर १८८५ रोजी नील्स बोर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. निरनिराळ्या विषयांत पारंगत असलेले त्यांचे मित्र वरचेवर घरी जमत आणि रात्री उशिरापर्यंत वादविवाद चालत. मुलांना एका बाजूस बसून ते ऐकण्याची मुभा असे. दोन विद्वान माणसे एकमेकांचे म्हणणे खोडून काढतात आणि तरीही मित्रच राहतात, हे नील्स यांनी असे लहानपणीच पाहिले.

त्यांचा धाकटा भाऊ हाराल्ड पुढे नामांकित गणिती झाला. दोघेही भाऊ फुटबॉल उत्तम खेळत. नील्स गोलरक्षक होते. हाराल्ड तर १९०८ च्या लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत डेन्मार्ककडून खेळला आणि रौप्यपदक घेऊन परतला.

विद्यार्थिदशेतच नील्स यांनी एक अवघड काम अंगावर घेतले. डेन्मार्कच्या विज्ञान परिषदेने पाण्याच्या पृष्ठभागावरील ताण मोजण्यासंबंधी एक स्पर्धा जाहीर केली होती. वडिलांच्या प्रयोगशाळेत त्यांनी यासाठी लागणाऱ्या काचेच्या नळ्या स्वतःच्या हातांनी तयार केल्या. नळीतून निघणारी पाण्याची धार इतकी नाजूक असे, की रस्त्यावरून एखादी गाडी गेली तरी ती थरथरे व मोजमाप चुके. म्हणून सारे शहर झोपी गेल्यावर ते प्रयोगास बसत. प्रयोग संपले, पण निबंध काही संपेना. लिहिलेले पुनःपुन्हा खोडावे आणि पुन्हा नव्याने लिहावे, असे चालले होते. अखेर वडिलांनी त्यांना प्रयोगशाळेपासून दूर, गावाबाहेरच्या आजोळच्या घरी धाडले, तेव्हा कोठे निबंध पुरा झाला. १९०७ मध्ये त्यांना सुवर्णपदक मिळाले. खोडून पुन्हा लिहिण्याची ही सवय मात्र जन्मभर टिकली, आणि तिचा त्रास आधी त्यांच्या आईला व मग पत्नी मार्गरेट यांना झाला. कारण बोर बोलत आणि त्या लिहून घेत.

१९११ मध्ये डॉक्टरची पदवी मिळवून बोर इंग्लंडमध्ये केंब्रिज येथे गेले. तेथे जे. जे. थॉमसन हे थोर शास्त्रज्ञ होते. ऋणविद्युतभार असलेला इलेक्ट्रॉन हा अतिसूक्ष्म कण थॉमसन यांनीच १८९७ मध्ये शोधून काढला होता. अणूचे एक चित्रही त्यांनी कल्पिले होते. धनविद्युतभाराचा एक गोळा आणि रव्याच्या लाडवात बेदाणे रुतलेले असावेत तसे त्यात रुतलेले इलेक्ट्रॉन, असे ते चित्र होते. बोर यांचे इंग्रजी तोडकेमोडके होते. ते सुधारावे म्हणून शब्दकोश जवळ घेऊन ते डिकन्सच्या कादंबऱ्या वाचीत. तशा इंग्रजीतच त्यांनी थॉमसन यांना त्यांच्या लेखनातील काही चुका प्रांजळपणे दाखविल्या. थॉमसन आपल्या कामात गढलेले होते. त्यांनी या परदेशी तरुणाकडे फारसे लक्ष दिले नाही. मार्च १९१२ मध्ये बोर मँचेस्टरला अर्नेस्ट रदरफर्ड यांच्याकडे गेले, आणि तेथे त्यांना त्यांच्या आयुष्याचा प्रश्न सापडला.

रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत एक विलक्षण प्रयोग झाला होता. सोन्याच्या अतिशय पातळ पत्र्यावर आल्फा कणांचा मारा केला असता बहुतेक कण सरळ आरपार जात. पण क्वचित एखादा कण उलट मागे फिरे. लाडवासारख्या मऊ अणूवर आदळून तो मागे का यावा? १९११ मध्ये रदरफर्ड यांनी याचा उलगडा केला. अणूचे जवळजवळ सारे वस्तुमान व सर्व धनविद्युतभार मध्यभागी एका अत्यंत लहान जागी एकवटलेला असतो. तोच अणुगर्भ. इलेक्ट्रॉन त्याच्याभोवती दूरवर असतात. हायड्रोजनचा अणू शंभर मीटर लांबीरुंदीच्या मैदानाएवढा मानला, तर त्याचा अणुगर्भ मैदानाच्या मधोमध ठेवलेल्या मोहरीच्या दाण्याएवढा भरेल. बाकीचे मैदान इलेक्ट्रॉनचे!

सूर्याभोवती ग्रह फिरतात तसे अणुगर्भाभोवती इलेक्ट्रॉन फिरत असावेत, असे म्हणणे सोपे होते. पण येथेच अडचण उभी राहिली. विद्युतभार असलेला कण वर्तुळात फिरू लागला, की त्यातून प्रकाशासारख्या लहरी बाहेर पडतात, हे पदार्थविज्ञानाला ठाऊक होते. लहरींबरोबर त्याची ऊर्जाही खर्च होते. मग असा इलेक्ट्रॉन चकरा मारीत, दर चकरेस थोडा आत सरकत, शेवटी अणुगर्भात जाऊन पडला पाहिजे. हिशेब केला तर यास सेकंदाच्या एक अब्जांश भागाहूनही कमी वेळ लागतो. तसे असते तर दगड, पाणी, झाडे, आपले हातपाय यांपैकी काहीच टिकले नसते. परंतु दगड तर हजारो वर्षे आहे तसाच आहे. इलेक्ट्रॉन अणुगर्भात का पडत नाही? अणूचा धडा प्रथम वाचणारा चौकस विद्यार्थी आजही हाच प्रश्न विचारतो.

पुष्कळांना वाटले की रदरफर्ड यांचा अणूच चुकीचा असावा. बोर यांना तसे वाटले नाही. अणू बरोबर आहे, पण मोठ्या वस्तूंवरून बांधलेले आपले नियम अणूच्या आत पुरे पडत नाहीत, असा तर्क त्यांनी केला. सव्वीस वर्षांच्या तरुणाने असे म्हणणे हे मोठे धाडस होते. तर्कास आधार मात्र होता. जर्मन शास्त्रज्ञ प्लांक यांनी १९०० मध्ये असे दाखविले होते, की तापलेल्या पदार्थातून ऊर्जा पाण्याच्या धारेसारखी सलग बाहेर पडत नाही. ती ठरावीक मापाच्या पुंजांनी, म्हणजे जणू सुट्या नाण्यांनी, दिली घेतली जाते.

फेब्रुवारी १९१३ च्या सुमारास कोपनहेगनमधील हॅन्सन या मित्राने बोर यांना एक साधा प्रश्न विचारला. हायड्रोजनच्या वर्णपटातील रेषांबद्दल या नव्या कल्पनेतून काय निघते? काचेच्या नळीत हायड्रोजन वायू भरून त्यातून वीज सोडली, तर तो प्रकाशतो. तो प्रकाश लोलकातून पाहिला असता इंद्रधनुष्यासारखा सलग पट्टा दिसत नाही. एक तांबडी, एक हिरवट निळी आणि दोन जांभळट अशा सुट्या रेषाच दिसतात. या रेषांच्या स्थानांमध्ये अंकगणिताचे एक सुंदर सूत्र दडलेले आहे, हे स्वित्झर्लंडमधील बामर नावाच्या शाळामास्तरांनी हुडकून काढले होते, तेही बोर जन्मले त्याच वर्षी. सूत्र बिनचूक होते. पण ते खरे का, हे अठ्ठावीस वर्षे कोणी सांगू शकले नव्हते. ते सूत्र पाहताच बोर यांना सारे लख्ख दिसू लागले.

त्यांची कल्पना जिन्याच्या उपमेने समजते. जिन्यावर माणूस या पायरीवर उभा राहील किंवा त्या पायरीवर. दोन पायऱ्यांच्या मध्ये अधांतरी उभा राहू शकणार नाही. तशाच इलेक्ट्रॉनच्या ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्या असतात. एका पायरीवर असेपर्यंत तो प्रकाश देत नाही. वरच्या पायरीवरून खालच्या पायरीवर उतरताना मात्र दोहोंतील अंतराएवढी ऊर्जा तो एका प्रकाशपुंजाच्या रूपाने टाकून देतो. हायड्रोजनमध्ये तिसऱ्या पायरीवरून दुसरीवर उतरला की तांबडी रेषा, चौथीवरून दुसरीवर उतरला की हिरवट निळी. हा जिना मात्र आपल्या घरातल्यासारखा नाही. वर जावे तशा त्याच्या पायऱ्यांची उंची कमी होत जाते. आणि सर्वांत खालच्या पायरीखाली दुसरी पायरीच नाही. म्हणून इलेक्ट्रॉन अणुगर्भात पडत नाही.

लेख रदरफर्ड यांच्याकडे गेला. त्यांनी तो फार लांब झाल्याचे कळवून काटछाट सुचविली. बोर थेट मँचेस्टरला जाऊन पोहोचले आणि त्यांच्यापुढे बसून एकेका वाक्याची बाजू मांडू लागले. शेवटी रदरफर्ड यांनीच माघार घेतली व १९१३ मध्ये तो लेख जसाच्या तसा छापला गेला. रदरफर्ड यांची एक शंका मात्र मार्मिक होती. आपण कोणत्या पायरीवर थांबणार, हे इलेक्ट्रॉनला निघतानाच कसे कळते? या शंकेचे उत्तर त्या वेळी बोर यांच्यापाशी नव्हते.

या कार्याबद्दल बोर यांना १९२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधीच, १९२१ मध्ये, कोपनहेगन येथे त्यांची संस्था सुरू झाली होती. जर्मनी, हॉलंड, रशिया, जपान, अमेरिका अशा अनेक देशांतून तरुण तेथे येत. होमी भाभा यांनीही केंब्रिजला शिकत असताना काही काळ तेथे काम केले. बोर फार हळू आवाजात, अडखळत बोलत. पण त्यांच्या तोंडावर त्यांची चूक दाखविण्यास कोणी कचरत नसे. लहानपणी घरात पाहिलेल्या त्या बैठकीच आता संस्थेत भरू लागल्या होत्या.

आणि चुका निघाल्याही. बोर यांच्या रीतीने हायड्रोजनचा हिशेब अचूक जमे, पण दोन इलेक्ट्रॉनांचा हेलियम काही केल्या जमेना. १९२५ व १९२६ या वर्षांत हायझेनबर्ग, श्रोडिंगर इत्यादींनी नवे पुंजशास्त्र उभारले. इलेक्ट्रॉनला ग्रहासारखी आखीव कक्षा नसते, तो अमुक जागी सापडण्याची शक्यता किती एवढेच सांगता येते, असे त्यातून ठरले. पुस्तकांतून अणूभोवती वर्तुळे काढलेली दिसतात, ती केवळ समजुतीसाठी. ऊर्जेच्या पायऱ्या मात्र राहिल्या. खाली आणखी पायरी का नाही, हेही आता उमगले. इलेक्ट्रॉनला जितक्या लहान जागेत कोंडावे, तितकी त्याची चळवळ वाढते. अणुगर्भाची ओढ व ही चळवळ यांचा जेथे मेळ बसतो, तेथे तो स्थिरावतो. आपले चित्र मोडले म्हणून बोर खट्टू झाले नाहीत. हे नवे शास्त्र त्यांच्याच संस्थेत, त्यांच्याशी वाद घालीत वाढले होते.

आइन्स्टाइन यांना मात्र हा शक्यतांचा हिशेब पटत नव्हता. १९३० मध्ये ब्रुसेल्सच्या परिषदेत त्यांनी प्रकाशाने भरलेल्या एका पेटीचा काल्पनिक प्रयोग मांडून बोर यांना पेचात टाकले. ती संध्याकाळ बोर यांनी फार अस्वस्थतेत काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी उत्तर दिले, आणि तेही आइन्स्टाइन यांच्याच सापेक्षता सिद्धांताच्या आधारे! वाद यानंतरही पुष्कळ वर्षे चालला. स्नेहाला कधी तडा गेला नाही.

पुढची वर्षे कठीण होती. १९३४ मध्ये त्यांचा थोरला मुलगा होडीच्या अपघातात समुद्रात बुडाला. जर्मनीत हिटलरची सत्ता येताच ज्यू शास्त्रज्ञ देशोधडीला लागले. त्यांपैकी अनेकांना बोर यांनी आश्रय दिला. एप्रिल १९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरले, तेव्हा फॉन लाऊए व फ्रांक या दोन शास्त्रज्ञांची नोबेल सुवर्णपदके संस्थेत ठेवलेली होती. ती सापडली असती तर त्या दोघांवर संकट ओढवले असते. हेवेशी या रसायनज्ञांनी ती अम्लराजात विरघळवून टाकली. सैनिकांनी झडती घेतली, पण फळीवरच्या त्या बाटलीकडे कोणाचे लक्ष गेले नाही. युद्धानंतर त्याच द्रावातून सोने परत मिळविण्यात आले आणि पदके पुन्हा घडविली गेली.

सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस आपल्याला अटक होणार असे कळताच बोर पत्नीसह रात्रीच्या अंधारात होडीने स्वीडनला निसटले. जीव वाचला म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. डेन्मार्कमधील ज्यूंना उघडपणे आसरा द्यावा, अशी गळ त्यांनी स्वीडनच्या राजाला घातली. स्वीडनने तशी घोषणा नभोवाणीवरून केली, आणि त्या महिन्यात सात हजारांहून अधिक ज्यू समुद्र ओलांडून सुखरूप पोहोचले. मग बोर यांना विमानाच्या बाँब ठेवण्याच्या कप्प्यात बसवून इंग्लंडला नेण्यात आले. त्यांचे डोके मोठे. वैमानिकाचे बोलणे ऐकण्याचे टोपडे कानांवर बसेना. त्यामुळे प्राणवायू घेण्याची सूचना त्यांना ऐकू आली नाही व ते बेशुद्ध पडले. वैमानिकाने विमान खाली आणले, म्हणून ते बचावले.

अमेरिकेत अणुबाँब तयार होत होता. टोपणनावाने बोरही तेथे गेले. पण बाँबपेक्षा त्यानंतर काय होणार, याची चिंता त्यांना अधिक होती. हे गुपित राष्ट्रांनी एकमेकांपासून लपविले तर शस्त्रांची भयंकर चढाओढ लागेल, हे त्यांनी १९४४ मध्ये चर्चिल व रूझवेल्ट यांना भेटून सांगितले. चर्चिल यांनी त्यांचे म्हणणे नीट ऐकूनही घेतले नाही. १९५० मध्ये बोर यांनी संयुक्त राष्ट्रसंघाला जाहीर पत्र लिहून तीच विनंती पुन्हा केली. तोवर चढाओढ सुरू झाली होती.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी कोपनहेगन येथे राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांच्या खोलीतील फळ्यावर आदल्या संध्याकाळी काढलेली एक आकृती तशीच होती. ती आइन्स्टाइन यांच्या त्या प्रकाशपेटीची होती.