टेनिसची फायनल हरला, रॅकेट बदलली आणि बॅडमिंटनमध्ये भारताचं नाव करून आला

लातूर-नांदेडकडच्या घरांत दहावीच्या वर्षी एक सीन ठरलेला असतो. पोरगं चांगलं खेळत असतं, पण घरचे म्हणतात की आता एकच काहीतरी धर. दोन डगरींवर पाय ठेवून चालत नाही.

सांगलीत जन्मलेल्या एका पोरासमोरही असाच प्रश्न आला होता. फरक एवढाच की त्याला खेळ आणि अभ्यास यांत नाही, तर दोन खेळांत निवड करायची होती.

हा गडी म्हणजे नंदू नाटेकर.

12 मे 1933 चा जन्म. सांगलीतून मुंबईला आल्यावर रुईया कॉलेजात शिक्षण झालं. हातात टेनिसची रॅकेट होती आणि बॅडमिंटनचीही. दोन्हीकडे हात बसला होता, पण जीव टेनिसमध्ये जास्त.

1951-52 च्या सुमारास नाटेकर ज्युनियर टेनिसच्या राष्ट्रीय स्पर्धेत थेट फायनलला पोहोचले. समोर होता मद्रासचा रामनाथन कृष्णन. नाटेकर हरले.

आता हा कृष्णन कोण, तर 1954 मध्ये विम्बल्डनचं ज्युनियर विजेतेपद जिंकणारा आणि 1960, 1961 असं सलग दोन वर्षं विम्बल्डनच्या सेमीफायनलपर्यंत गेलेला खेळाडू. त्याच्याकडून हरणं यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. पण नाटेकरांनी त्या पराभवानंतर टेनिस मागे ठेवलं आणि सगळं लक्ष बॅडमिंटनवर लावलं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. तेव्हा दोन्ही खेळांच्या मोठ्या स्पर्धा हौशी खेळाडूंच्याच होत्या. टेनिसमध्ये व्यावसायिक खेळाडूंना मोठ्या स्पर्धांचे दरवाजे 1968 मध्ये उघडले, बॅडमिंटनमध्ये तर त्यासाठी 1979 उजाडलं. म्हणजे खेळ बदलून नाटेकरांना पैसा मिळणार होता, असं अजिबात नव्हतं. बॅडमिंटन ऑलिम्पिकमध्ये पदकांसाठी आलं तेच 1992 ला.

तरी निर्णय बरोबर ठरला.

1953 मध्ये ते बॅडमिंटनचे राष्ट्रीय विजेते झाले. मग 1954, 1958, 1960, 1961 आणि 1965. एकेरीची एकूण 6 राष्ट्रीय विजेतेपदं. पुरुष दुहेरीत आणखी 6 आणि मिश्र दुहेरीत 5.

1954 मध्ये ते ऑल इंग्लंड स्पर्धेच्या क्वार्टर फायनलपर्यंत गेले. तेव्हा या खेळात जागतिक स्पर्धाच नव्हती, त्यामुळे ऑल इंग्लंडलाच तो मान होता.

पण खरा धमाका झाला 1956 ला.

क्वालालंपूरला सेलांगोर इंटरनॅशनल ही स्पर्धा होती. मलाया म्हणजे तेव्हा बॅडमिंटनचं माहेरघर. थॉमस कपच्या पहिल्या तिन्ही स्पर्धा, 1949, 1952 आणि 1955, मलायानेच जिंकल्या होत्या. त्यांच्या घरात जाऊन नाटेकरांनी विजेतेपद पटकावलं. परदेशात बॅडमिंटनची स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय ठरले. गंमत म्हणजे ज्या खेळाला इंग्रज अधिकाऱ्यांमुळे एकेकाळी 'पूना' म्हटलं जायचं, त्यात हा मान मिळवला तो एका मराठी माणसाने.

त्यांचा खेळ ताकदीचा नव्हता, मनगटाचा होता. नेटजवळचा हलका स्पर्श, फसवा ड्रॉप आणि कोर्टवरची सहज चाल. थॉमस कपमध्ये भारताकडून खेळलेल्या एकेरीच्या 16 सामन्यांपैकी 12 त्यांनी जिंकले.

1961 मध्ये सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला. पहिल्याच वर्षीच्या मानकऱ्यांत नाटेकर होते आणि बॅडमिंटनचा पहिला अर्जुन त्यांच्याच नावावर लागला. 1966 ला किंग्स्टनच्या राष्ट्रकुल स्पर्धेत बॅडमिंटन पहिल्यांदा आलं, तिथेही ते भारताकडून खेळले. कारकिर्दीत देश-विदेशातली शंभराहून जास्त विजेतेपदं जमा झाली.

आता राहिला प्रश्न त्या सोडून दिलेल्या टेनिसचा.

तर ते टेनिस घरी परत आलं. मुलगा गौरव नाटेकर टेनिसचा राष्ट्रीय विजेता झाला. 1994 मध्ये हिरोशिमाच्या आशियाई स्पर्धेत लिएंडर पेससोबत त्याने दुहेरीचं सुवर्णपदक जिंकलं. पुढे त्यालाही अर्जुन पुरस्कार मिळाला. बापाने जो खेळ हरून सोडला, त्यात पोराने देशासाठी सोनं आणलं.

28 जुलै 2021 ला पुण्यात वयाच्या 88 व्या वर्षी नंदू नाटेकर गेले. आज सिंधू, श्रीकांत, सात्विक-चिराग यांच्या मॅच आपण मोबाईलवर बघतो. पण त्या वाटेवर पहिलं पाऊल टाकणाऱ्याचं नाव नव्या पिढीतल्या अनेकांना सांगावं लागतं.

आणि ज्या घरात सध्या एकच काहीतरी धर हा वाद चालू आहे, त्यांच्यासाठी एवढंच. नाटेकरांनीही शेवटी एकच धरलं. पण आधी दोन्ही मनापासून खेळून बघितले, फायनलमध्ये हरून बघितलं आणि मगच निवडलं.