सॉकेटच्या भोकांमागचं झाकण आणि कॅरोलिन हॅस्लेट

नव्या सॉकेटमध्ये चार्जर घालताना जरा जोर लावावा लागतो आणि आपण वैतागतो. पण तो अडथळा मुद्दाम ठेवलेला असतो. चांगल्या सॉकेटच्या भोकांमागे प्लास्टिकचं छोटं झाकण असतं, शटर म्हणतात त्याला. रांगणाऱ्या बाळाने हेअरपिन खुपसली तरी ती करंटपर्यंत पोचू नये, एवढंच त्याचं काम. घराच्या वायरिंगचा विषय निघाला की मला कॅरोलिन हॅस्लेट आठवतात, त्या या झाकणामुळेच.

जन्म १८९५ चा, इंग्लंडमधल्या ससेक्सचा. वडील रेल्वेत सिग्नल फिटर. १९१४ मध्ये बाई लंडनला एका बॉयलर कंपनीत ऑफिसच्या कामाला लागल्या. पहिलं महायुद्ध सुरू झालं, तेव्हा त्यांनी कारखान्यातलं काम मागून घेतलं आणि इंजिनिअरिंग शिकून घेतलं. युद्ध संपताच कारखान्यांतल्या बायकांना घरी पाठवायला सुरुवात झाली. त्याच १९१९ साली महिला इंजिनिअरांची संस्था निघाली आणि हॅस्लेट तिच्या पहिल्या सेक्रेटरी झाल्या.

१९२४ मध्ये त्यांनी बायकांसाठी वीज समजावून सांगणारी दुसरी संस्था सुरू केली. मीटर कसा वाचायचा, फ्यूज कसा बांधायचा, प्लगला वायर कशी जोडायची, असले धडे. मला हे फार भारी वाटतं. कारण आजही घराचे पॉइंट ठरवताना ओट्यापाशी उभं राहणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा कोणी विचारत नाही, आणि मग मिक्सर एक्स्टेंशनवर चालतो.

खरी गोष्ट पुढे आहे. १९४२ मध्ये, दुसरं महायुद्ध चालू असतानाच, ब्रिटनने युद्धानंतरच्या घरांचं वायरिंग कसं असावं यासाठी समिती नेमली. २० जणांत बाई एकट्या हॅस्लेट. तेव्हा तिथे वेगवेगळ्या मापांचे गोल पिनांचे प्लग होते आणि तांब्याची टंचाई होती. समितीने रिंग सर्किट सुचवलं: मेन बोर्डातून निघालेली वायर सगळ्या सॉकेटना भेटत परत बोर्डात येते. करंट दोन्ही बाजूंनी येतो, त्यामुळे कमी तांब्यात जास्त सॉकेट बसतात. पण अशा लाइनचा फ्यूज मोठा असतो, म्हणून प्रत्येक प्लगमध्ये वेगळा छोटा फ्यूज. आणि मुलांसाठी शटर. १९४७ मध्ये १३ अँपिअरचा चौकोनी पिनांचा प्लग तिथे स्टँडर्ड झाला. त्याची अर्थची पिन लांब असते. ती आधी आत जाते आणि बाकी दोन भोकांची झाकणं उघडते.

आपण मात्र ब्रिटनच्या जुन्या गोल पिनाच ठेवल्या, ६ आणि १६ अँपिअरच्या. रिंगही आपल्याकडे करत नाहीत. गीझर, एसी यांना वेगळी लाइन आणि वेगळा एमसीबी. तेव्हा वायरमनला रिंग सांगू नका. शटरवाल्या प्लेटा सांगा, प्रत्येक सॉकेटला अर्थिंग ओढलंय का ते बघा, आणि डीबीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. शटर मुलाला वाचवतं, पण फाटलेल्या वायरीपुढे ते काय करणार?

हॅस्लेट १९५७ च्या जानेवारीत गेल्या. आपले अंत्यसंस्कार विजेवरच व्हावेत, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं.