मूठभर धान्याचे दान : कर्मवीर भाऊराव पाटील

जैन धर्मात आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. यांपैकी आहारदान व ज्ञानदान यांची सांगड घालून ज्यांनी खेड्यापाड्यांतील गोरगरीब मुलांचे जीवन घडविले, ते कर्मवीर भाऊराव पाटील जैन समाजाचे भूषण होत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे दिगंबर जैन कुटुंबात झाला. वडील पायगौंडा, आई गंगाबाई. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास जैन वसतिगृहात राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास जाऊन आल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून त्यांना ते वसतिगृह सोडावे लागले. जीवदयेच्या संस्कारात वाढलेल्या या मुलास माणसाचा विटाळ मान्य नव्हता. समाजाच्याच वास्तूचे दार त्यांना बंद झाले, ही गोष्ट खेदाची खरी. परंतु पुढे त्यांनीच सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी आपले दार कायमचे उघडे ठेवले.

किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत गावोगाव फिरताना शेतकऱ्यांचे अज्ञान व दारिद्र्य त्यांनी जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह सुरू झाले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंक्तीस जेवत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले.

इतक्या मुलांच्या जेवणाचा खर्च भागवायचा कसा, हा रोजचाच प्रश्न होता. भाऊरावांनी घराघरांतील गृहिणींना रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूला ठेवण्याची विनंती केली. हाच तो मुष्टिफंड. श्रीमंताच्या देणगीइतकाच मान त्यांनी गरिबाच्या मुठीला दिला. मुलांनीही श्रम करून शिकावे, हा त्यांचा आग्रह असे.

या कार्यात त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचा त्याग अतुलनीय आहे. सोवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांना पोटच्या लेकरांप्रमाणे सांभाळले. अंगावरील दागिने तर त्यांनी दिलेच. पण एकदा वसतिगृहातील धान्य संपले, तेव्हा मुले उपाशी राहू नयेत म्हणून सौभाग्याचे लेणे असलेले मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली त्यांचे निधन झाले. भाऊरावांनी दुःख गिळून कार्य पुढे नेले.

१९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय उभे राहिले. १९५९ साली पद्मभूषण व पुणे विद्यापीठाची डी. लिट. हे सन्मान लाभले आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. वाशी येथे १९७९ साली सुरू झालेले, त्यांचेच नाव धारण करणारे संस्थेचे महाविद्यालय नवी मुंबईकरांच्या नित्य परिचयाचे आहे.

धर्मादाय संस्थेच्या हिशेबवहीत मोठ्या देणग्यांच्या नोंदी ठळक दिसतात. परंतु संस्था चालते ती पंक्तीत वाढणाऱ्या, वर्गणी गोळा करणाऱ्या, वेळ व श्रम देणाऱ्या असंख्य हातांवर. भाऊरावांनी त्या हातांवर विश्वास ठेवला आणि तो सार्थ ठरला. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी कर्मवीर भाऊराव व लक्ष्मीबाई यांच्या पवित्र स्मृतीस विनम्र अभिवादन!