सोरा तापवणारा शीले

बारावीला एक रिॲक्शन आपण सगळ्यांनीच घोकलेली असते. पोटॅशियम नायट्रेट तापवलं की पोटॅशियम नायट्राइट आणि ऑक्सिजन. लिथियमचं तेवढं वेगळं, त्याचं थेट ऑक्साइड होतं आणि तपकिरी धूर निघतो (ऑब्जेक्टिव्हवाल्यांचा लाडका प्रश्न!). पण हे पहिल्यांदा नीट उमगलं कोणाला? औषधाच्या दुकानातल्या एका नोकराला.

कार्ल विल्हेल्म शीले ९ डिसेंबर १७४२ ला बाल्टिक किनाऱ्यावरच्या श्ट्रालझुंडला जन्मला. गाव आता जर्मनीत आहे, तेव्हा स्वीडनकडे होतं. घरात अकरा भावंडं. कॉलेजचं नावच नाही. चौदा-पंधराव्या वर्षी गोथेनबर्गच्या एका औषधवाल्याकडे उमेदवारीला लागला आणि दुकानातल्याच बरण्यांवर प्रयोग करत शिकला.

१७७० मध्ये तो उप्सालाच्या एका दुकानात आला. तिथल्या मालकाला एक कोडं पडलं होतं. सोरा, म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच, नुसता घेऊन त्यावर व्हिनेगर टाकलं तर काही होत नाही. पण तोच सोरा बराच वेळ तापवून, थंड करून मग व्हिनेगर टाकलं की लाल वाफा येतात. युनिव्हर्सिटीतले नावाजलेले प्रोफेसर टोर्बर्न बर्गमन यांनाही याचं कारण सांगता येईना. शीलेने सांगितलं, की तापवल्यावर तो सोरा उरतच नाही. त्याचं दुसऱ्याच, कमजोर ॲसिडचं मीठ बनतं, आणि त्या ॲसिडला व्हिनेगरसुद्धा हुसकावून लावतं. आपण त्या मिठाला नायट्राइट म्हणतो. बर्गमन पुढे त्याचे पक्के दोस्त झाले.

आता सोऱ्यातून बाहेर काय पडलं, हा प्रश्न राहिलाच. शीलेने रिटॉर्टच्या तोंडाला रिकामं मूत्राशय बांधलं (तेव्हा रबरी फुगे कुठले!) आणि गॅस पकडला. त्यात मेणबत्ती लख्ख पेटली. त्याने नाव दिलं, आगीची हवा. म्हणजे आपला ऑक्सिजन! हे साधारण १७७१-७२ चं.

पण पुस्तक छापून यायला १७७७ उजाडलं. प्रकाशकाची दिरंगाई, त्यात बर्गमन यांची प्रस्तावना उशिरा आली. तोवर इंग्लंडमध्ये प्रीस्टलीने १ ऑगस्ट १७७४ ला पाऱ्याच्या ऑक्साइडपासून तोच गॅस मिळवून छापूनही टाकला होता. दोस्तीपायी अशी वाट लागलेली मला तरी बघवत नाही.

स्वीडनच्या रॉयल ॲकॅडमीने मात्र फेब्रुवारी १७७५ मध्येच त्याला सदस्य करून घेतलं, तेव्हाही तो दुकानातला सहाय्यकच होता. त्याच वर्षी तो कोपिंग नावाच्या छोट्या गावात गेला आणि एका विधवेचं औषधाचं दुकान चालवू लागला. नवीन पदार्थ मिळाला की तो चाखून बघायचा, हायड्रोजन सायनाइडसुद्धा! शिवाय पारा, आर्सेनिक रोजचंच. तब्येत ढासळत गेली. २१ मे १७८६ ला तो गेला, वय अवघं ४३. त्याच्या दोन-तीन दिवस आधी अंथरुणावरूनच त्याने त्या विधवेशी लग्न केलं, दुकान पुन्हा तिच्याकडे जावं म्हणून.